दहा दगडांना नऊ

टायर मोठे घातले ते चिखलासाठी, असं घरी सांगितलं.
खरं तर दिसायला.
सत्तावीस इंची उतरवून तीस इंची चढवले तेव्हा
बसलेलं जनावर उठावं तशी जीप उठली,
आणि डफळापुरातली पोरं
काही न बोलता भोवती एक चक्कर मारून गेली.

काटा तेव्हापासून मागं राहायला लागला.
मला कुठं कळतंय.
चाक मोठं, एका फेरीत जास्त जमीन खातं,
मीटर बिचारा फेऱ्याच मोजणार,
खाली काय बदललंय ते त्याला कुणी सांगितलंच नाही.
मी चोपन्नवर निवांत,
बाहेरची बाभळ साठनं मागं पळते.

मंगळवार-शुक्रवार निलव्वा बिराजदार.
कन्नड शाळेच्या बाई, निवृत्त.
मिरजेला, डायलिसिसला.
मागच्या सीटवर डावीकडं, मांडीवर डबा, डब्यावर वही.
भाडं किलोमीटरवर.
उतरताना वाकून मीटर बघायच्या, आकडा लिहायच्या,
सुटे मोजून द्यायच्या.
टायर बदलल्यावर पहिल्याच खेपेला म्हणाल्या,
"मिरज जवळ आली की रे, इराप्पा."
मी हसलो. मला वाटलं, टायरचं कौतुक.

सहा महिने हेच.
जाताना बोलायच्या, येताना नाही.
येताना डोकं काचेला टेकलेलं,
ओठ मात्र हलायचे.
जप असेल, म्हटलं.

एकदा कवठ्याच्या पुढं,
काचेवरचं डोकं न उचलता म्हणाल्या,
"दहा दगडांना तुझा मीटर नऊच म्हणतोय.
ओंदु, एरडु करत मोजलेत मी."
"मग बोलला का नाही, बाई?"
"आधी वाटलं, चूक माझीच.
रक्त धुऊन आल्यावर आकडे जरा सरकतात.
मग वाटलं, असू दे.
दवाखाना पाच किलोमीटर अलीकडं. बरं वाटायचं."
दोन दगड गेले.
"पण शिकवणारीनं दहाला नऊ म्हणू नये."

बाबालाल शिकलगारचं दुकान मिरजेत, सतारीच्या गल्लीला लागून.
शेजारी कुणी तार पिळतोय, सोडतोय, परत पिळतोय.
बाबालालनं खाली झोपून गिअरबॉक्सातनं केबल ओढली.
टोकाला नायलॉनचं दातेरी चाक, करंगळीच्या पेराएवढं.
सुईनं दाते मोजले: वीस.
तंबाखूच्या डबीत धुंडाळून दुसरं काढलं. अठरा.
"दोन दाते कमी, की केबल जोरात फिरती. झालं."
"एवढंच?"
"टायर घालताना इचारलं असतंस
तर एवढंबी नव्हतं."
शेजारची तार जुळली,
किंवा त्यानं नाद सोडला.

रात्री पडल्या पडल्या हिशोब केला.
टायर घातल्यापासून अठरा हजार दाखवलेत, म्हणजे वीस पळाली.
दोन हजार किलोमीटर कुठल्याच आकड्यात नाहीत.
त्यातले पाचेकशे बाईंचे.
पैशाचं सोडा.
एवढ्या लांब जाऊन आलो आम्ही,
आणि मीटरच्या लेखी घरातच बसून होतो.

शुक्रवारी बाईंनी वही पुढं केली.
दोन रकाने: मीटरनं, दगडानं.
खाली लाल रेघ, फरक,
आणि रबर लावलेल्या नोटा.
म्हटलं, "जाऊ द्या. तो रस्ता संपला."
"वजाबाकी अर्धी सोडत नाहीत, इराप्पा."
घेतले. काय करणार.
त्यांच्या वर्गात मी कधीच नव्हतो,
तरी त्यांच्यापुढं उभा राहिलो की तिसरीतच असतो.

आता साठला साठ. दहा दगडांना दहा.
मिरज पुन्हा होती तिथं गेली.
येताना बाईंचे ओठ हलत नव्हते.
आरशात बघितलं, दोनदा.
डोळे उघडे होते, काट्यावर.
मग एका दगडापाशी, कुठल्या ते सांगत नाही,
म्हणाल्या,
"जरा हळू घे.
चोपन्नवर."